आई-आप्पा, मी राजीनामा दिला आहे

तीर्थरूप आप्पा आणि आई,
शि. सा. न.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई, तू आधी गप्प झाली असतीस, मग "बरं, जेवनी का तू?" एवढंच विचारून फोन आप्पांच्या हातात दिला असतास. आप्पा "बघ बाई, तुला काय ठीक वाटतं ते" म्हणाले असते. आणि मग रात्रभर तुम्ही दोघं जागे. म्हणून लिहिते आहे. आप्पांना बारीक अक्षर दिसत नसेल तर तू मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

मी शाळेचा राजीनामा दिला आहे. एप्रिलअखेर मोकळी होईन आणि जूनपासून वर्षभर बंगळुरूला राहीन. तिथल्या एका नृत्यसंस्थेचा नवा प्रयोग उभा राहतो आहे. पहिल्या तालमीपासून पहिल्या प्रयोगापर्यंत मी त्यांच्यात बसून चित्रं काढणार. त्याचंच मानधन मिळणार आहे. शेवटी त्या चित्रांचं प्रदर्शनही आहे.

तुम्ही पहिल्यांदा पैशांचा विचार कराल, म्हणून तेच आधी सांगते. मानधन शाळेच्या पगाराइतकं नाही, पण राहायची खोली त्यांच्याकडूनच आहे आणि दुपारचं जेवण तालमीच्या जागीच मिळतं. पीएफला हात लावलेला नाही. वर्षभर पुरतील एवढे पैसे बाजूला आहेत आणि तुमच्या औषधांचे वेगळे ठेवलेत, ते यात धरलेलेच नाहीत. आप्पा, काकांच्या दुकानाचं जे झालं ते मला पाठ आहे. मी कुणाकडून एक रुपया उसना घेतलेला नाही आणि कुठल्याच कागदावर कुणासाठी सही केलेली नाही. मोठ्या बाईंनी राजीनामा घेताना, परत यावंसं वाटलं तर आधी मला भेट, असं सांगितलं आहे. ते लेखी नाही, पण बाई शब्दाच्या पक्क्या आहेत.

आत्यानं दिवाळीत विचारलं होतं, हे नाच म्हणजे नेमके कुठले, सिनेमातले की देवळातले? तेव्हा घरात पाहुणे होते, मला नीट सांगता आलं नाही. हे समकालीन नृत्य. त्यात ठरलेली गोष्ट असेलच असं नाही, ठरलेल्या मुद्रा नाहीत, कधी कधी गाणंसुद्धा नसतं. अनवाणी माणसं पडतात, उठतात, एकमेकांच्या पाठीवर भार टाकतात, थांबतात. पण हे परदेशातून आणलेलं खूळ नाही. नर्तकी चंद्रलेखा आपल्या महाराष्ट्रातल्या वाडा गावी जन्मल्या, चेन्नईला जाऊन भरतनाट्यम शिकल्या आणि पुढे त्यात कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग आणून १९८५ साली 'अंगिका' बसवलं. अस्ताद देबू तर नवसारीचे. आपल्या अमळनेरहून ताप्ती लाईननं सुरतेला उतरलं की पुढं नवसारी किती लांब? कथक शिकलेला तो माणूस लंडनपर्यंत शिकून आला, मणिपूरच्या ढोलवाल्यांबरोबर नाचला, कानानं ऐकू न येणाऱ्या मुलांना घेऊन त्यानं प्रयोग केले. २०२० साली गेले ते. मला त्यांची तालीम कधी समोर बसून पाहता आली नाही. अशा गोष्टी राहून जातात, आई. म्हणूनही आता थांबले नाही.

आणि आप्पा, तुमचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो आहे: "अगं, मोबाईलवर व्हिडिओ निघतो की, मग चित्र कशाला?"

निघतो. ते लोकही काढतात. पण व्हिडिओ सगळं सारखंच टिपतो. हातानं काढताना मला दर क्षणी ठरवावं लागतं की या अंगातलं काय धरू आणि काय सोडू. नाचणारा थांबत नाही. मी पाठीचा कणा काढेपर्यंत तो दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला असतो. म्हणून कागदाकडे बघायचंच नाही, डोळा त्याच्यावर आणि हात आपला चालू. आधी वजन कुठल्या पायावर आहे ते, मग कण्याची रेघ, मग खांदे. डोकं सगळ्यात शेवटी. बोटं काढायला वेळ मिळाला तर मिळाला. तालमीत एक सोय असते, आठ मात्रांचा एकच तुकडा ते पुन्हा पुन्हा घोटतात. पहिल्या खेपेला राहिलेला हात मी चौथ्या खेपेला त्याच कागदावर भरते. त्यात कधी एकाच माणसाला तीन हात होतात, ते मी खोडत नाही. ती त्या तुकड्याचीच चाल असते.

प्रयोगात मात्र काहीच परत येत नाही. वर अंधार. डाव्या हाताचं बोट कागदाच्या कडेला ठेवायचं, म्हणजे आपण कागदावर कुठं आहोत ते कळतं. चारकोल करकरतो, शेजारच्याला त्रास होतो, म्हणून तिथं मऊ सहा-बीची पेन्सिल. पान उलटायचं तेही संगीत चढलेलं असेल तेव्हाच. दिवे लागल्यावर वही उघडली की अर्ध्या पानांवर नुसत्या गुंतलेल्या रेघा असतात आणि एखाद्या पानावर, तीन-चार रेघांत, ती पडणारी मुलगी सापडते. खरोखर पडताना. आई, त्या वेळी मला जे वाटतं ते मला शाळेत वर्षभराच्या तासांतही वाटलेलं नाही. मुलं गोड होती, पण चित्रकलेच्या इलेमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांसाठी तेच ते भांड्यांचं स्थिरचित्र लावताना माझे हात थंड पडायचे.

अजून एक सांगते, कारण हे तुम्हाला पटेल. १९१३ साली पॅरिसमध्ये निजिन्स्की नावाच्या नर्तकानं बसवलेला एक नाच इतका नवा होता की प्रेक्षकांत आरडाओरडा झाला. मोजकेच प्रयोग झाले आणि तो मागं पडला. चित्रफीत कुणी काढली नव्हती. पण व्हॅलेंटाइन ग्रॉस नावाची एक चित्रकार नाट्यगृहाच्या अंधारात बसून वहीत रेखाटत होती. पुढं १९८७ साली अमेरिकेत तो नाच पुन्हा उभा केला, तेव्हा ज्या थोड्या गोष्टींचा आधार होता त्यात तिची ती घाईघाईतली चित्रं होती. रोदाँ १९०६ मध्ये पासष्ट वर्षांचा, नावाजलेला शिल्पकार. कंबोडियाच्या राजाबरोबर आलेल्या नर्तकींना पाहून तो त्यांच्यामागं पॅरिसहून मार्सेयपर्यंत गेला, नुसती चित्रं काढायला. त्या मानानं मी तर फक्त बंगळुरूपर्यंत जाते आहे.

खरं म्हणजे हे वेड तुम्हीच लावलं, आप्पा. तुमची बदली सातपुड्यात मोलगीला होती तेव्हा काठी गावच्या होळीला तुम्ही मला खांद्यावर बसवून नेलं होतंत. रात्रभर ढोल. कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप. पहाटे होळी पेटेपर्यंत मी डोळा मिटला नाही, असं आई अजून सांगते. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेतले जुने हजेरीपत्रकाचे कागद आणून दिलेत आणि मी पाठकोऱ्या बाजूनं ते सगळे नाचणारे काढले. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "छान आहे, पण यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत गं." मी रडले होते. मग तुम्ही ओसरीवर स्वतः एका पायावर उभे राहिलात आणि मला म्हणालात, बघ, सगळा भार कुठं गेला. आई स्वयंपाकघरातून हसत होती. मला चित्रकला शिकवणाऱ्या कुणीही त्याच्याहून मोठं काही शिकवलेलं नाही.

पण हे शिकल्यामुळं मला आता दिसतं, आणि दिसतं म्हणून काळजी वाटते. रागावू नका.

आई, दिवाळीत मी तुला न सांगता काढत होते. खापरावरचे मांडे हातांवर वाढवताना तुझी कोपरं, ते पान फार सुंदर आलं आहे, घरी आले की दाखवीन. पण तू ओट्यावरून अंगणात उतरतानाची जी पानं आहेत त्या सगळ्यांत एकच गोष्ट आहे. उतरताना तू दरवेळी डावाच पाय आधी खाली टाकतेस आणि अंगाचा सगळा भार उजव्यावर अडवून धरतेस. चढताना उजवा आधी. खांदाही तिकडंच झुकतो. तू "काही नाही गं, थोडं आखडलंय" म्हणालीस. ते थोडं नाही. डावा गुडघा दुखतो आहे आणि उजवा त्याच्या वाटचं काम करून थकतो आहे. तो गेला तर पंचाईत होईल. आप्पा, तुम्ही पेपर खिडकीकडं धरून मान डावीकडं वळवून वाचता. कपाचा कान तुम्ही पाहून नाही, चाचपून धरता. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे दिवस आता राहिले नाहीत, डॉक्टरांनीच सांगितलंय ना? मग टाळाटाळ कशाची? हरभरा निघाला, आता शेताचं कारण नाही.

तेव्हा आता मी सांगते तसं करायचं.

डोळ्याचं ऑपरेशन अक्षय्य तृतीयेनंतरच्या, म्हणजे आपल्या आखाजीनंतरच्या आठवड्यात. आखाजीला मी येतेच आहे, गौराई, झोका, आगारी सगळं करून राहणार आहे, आणि ऑपरेशन होऊन आप्पांची पहिली तपासणी झाल्याशिवाय हलणार नाही. ऑपरेशनआधी साखर तपासून घ्या, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही करा. नंतर डोळ्यावर पाणी नाही, वाकून जड उचलायचं नाही, थेंब वेळच्या वेळी. आणि ऑपरेशन होईपर्यंत दिवस मावळल्यावर स्कूटरला हात लावायचा नाही. बोरी नदीच्या पुलावर समोरून येणाऱ्या दिव्यांनी तुम्हाला काही दिसत नाही, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, पण मला कळलं आहे.

आई, गुडघा दाखवायला जळगावला. दादा सुरतेहून येईल, मी त्याच्याशी बोलले आहे. यंदा बिबड्यांचा, त्या ज्वारीच्या पापडांचा, घाट घालायचा नाही. घातलाच तर खुर्चीवर बसून, आणि घाटा ढवळायला शेजारच्या काकू. भाकरी स्वयंपाकाच्या ओट्यावर उभ्यानं किंवा उंच पाटावर बसून. माळ्यावर चढायचं नाही, वरचे डबे मी आखाजीला खाली काढून ठेवते. संडासाच्या भिंतीला धरायला दांडी बसवून घेते आहे, सुतार बुधवारी येईल, त्याला परत पाठवू नकोस. नेहमीच्या मेडिकलवाल्याला महिन्याची यादी देऊन ठेवली आहे, त्याचा मुलगा घरी आणून देईल.

आता जे तुला लागेल ते. कानबाईच्या सणाला मी नसेन, आई. श्रावणात त्यांच्या तालमी अगदी भरात असतील, त्या आठवड्यात उठून येता येणार नाही. रोटांचं दळण, निवडणं तू एकटीनं करशील या विचारानंच माझा जीव गलबलतो, म्हणून वहिनी चार दिवस आधी येणार आहे. ती आनंदानं हो म्हणाली, तुझ्यासाठीच, माझ्या सांगण्यावरून नाही. कानबाई बसल्यावर मला व्हिडिओ कॉल लाव, मी तिथून हात जोडीन. तुला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. ते कसं कमी करावं हे कळत नाही, म्हणून दिवाळीला लवकर येईन एवढंच म्हणते. मामांनी सांगितलेल्या स्थळाचं आखाजीला बोलू. नाही म्हटलेलं नाही मी. फक्त त्यांना सांग, वर्ष बंगळुरूचं आहे.

माझी काळजी करू नका. खोली पहिल्या मजल्यावर आहे, पूर्वेला खिडकी, खाली घरमालक म्हातारी-म्हातारा दोघं. सकाळी तालमीच्या जागी पायी जाता येतं. हवा तर आपल्याला हेवा वाटेल अशी, मे महिन्यात आपल्याकडं पंचेचाळीस अंश होतं तेव्हा तिथं लोक संध्याकाळी फिरायला निघतात. चारकोलच्या भुकटीनं मला खोकला होतो म्हणून तू ओरडायचीस, त्यावर उपाय केला आहे. तोंडाला मास्क लावते आणि चारकोल पुसू नये म्हणून चित्रावर फवारायचं फिक्सेटिव्ह गच्चीवर जाऊन मारते. दादरीचं पीठ आणि कळण्याचं पीठ मात्र हवं. तिथं ज्वारी मिळते, पण आपल्या दादरची भाकरी ती नाही. लसणाची चटणी छोट्याच बरणीत दे, मागच्या वेळी बॅगभर तेल झालं होतं. जळगावला कर्नाटक एक्स्प्रेस थांबते, त्यामुळं ये-जा सरळ आहे. पावसाळा संपला की तुम्ही दोघं या. खालच्या मजल्यावरची एक खोली पाहुण्यांसाठी असते, मी विचारून ठेवलं आहे, जिना चढावा लागणार नाही.

आप्पा, एक काम तुमच्याकडं. मोलगीचे ते हजेरीपत्रकाचे कागद लोखंडी पेटीत असावेत, तुमच्या पेन्शनच्या फाईलखाली. काढून ठेवाल का? मला बंगळुरूला न्यायचे आहेत. डोळ्यांना त्रास होत असेल तर तुम्ही शोधू नका, आईला पेटी उघडायला सांगा, पण तिला खाली मांडी घालून बसू देऊ नका.

रविवारी सकाळी नऊला फोन करीन. त्याआधी तुमचं हे पत्र वाचून झालेलं असू द्या, आणि रागवायचं असेल तर फोनवरच रागवा, मनात ठेवू नका.

तुमची,
बेबी