सह्याद्रीपलीकडचे पाणी मागण्याआधी

प्रति,
माननीय जलसंपदा मंत्री (गोदावरी व कृष्णा खोरे विकास महामंडळ),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरी खोऱ्यात वळविण्याबाबत.

महोदय,

मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला आणावे लागले. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेल्या माणसाकडून पाणी आणण्याच्या योजनेला विरोध होईल, अशी अपेक्षा कोणी करणार नाही, आणि मी तो करीतही नाही. उल्हास, वैतरणा, दमणगंगा या नद्यांचे पाणी सह्याद्री ओलांडून गोदावरीत आणण्याच्या ज्या योजना शासनासमोर आहेत, त्यांतून मराठवाड्याला पाणी मिळावे, असेच मला वाटते. मात्र ते कोणत्या अटींवर यावे, हे पाणी येण्याआधी ठरले पाहिजे. एकदा पाणी आले की ते ठरवता येत नाही, हा आमचा जायकवाडीचा अनुभव आहे.

जायकवाडी धरण, म्हणजे पैठणचा नाथसागर, १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या वरच्या बाजूला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे आहेत आणि प्रत्येक तुटीच्या वर्षी वरून पाणी सोडायचे की नाही, यावर वाद होतो. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात तुटीच्या काळी समन्यायी वाटपाची तरतूद आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्रही प्राधिकरणाने २०१४ मध्ये घालून दिले. तरीही प्रकरण न्यायालयात जाते, दिवस निघून जातात, आणि उशिरा सोडलेले पाणी कोरड्या पात्रात मुरत मुरत पैठणला पोहोचते. कोकणातून उचललेले पाणी आधी याच पात्रात, याच धरणांच्या साखळीत पडणार आहे. त्यातले जायकवाडीपर्यंत किती पोहोचेल, याचे बंधनकारक उत्तर मला कुठेही लिहिलेले दिसले नाही.

पिण्याच्या पाण्याचा एक साधा हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. आज ती सव्वा दोन कोटी धरली आणि माणशी दररोज १०० लिटर पाणी दिले, तर वर्षाला सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी लागेल. एकट्या जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी आहे. म्हणजे धरण निम्मे भरले तरी आठही जिल्ह्यांची तहान भागेल एवढे पाणी त्यात असते. अर्थात एका धरणातून आठ जिल्ह्यांना पाणी पुरवणे वाटते तितके सोपे नाही. जलवाहिन्या, वीज, बाष्पीभवन आणि गाळ यांचा विचार करावाच लागेल. उथळ आणि पसरट नाथसागरातून उन्हाळ्यात किती पाणी उडून जाते, हे पैठणच्या काठावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही पिण्यासाठी पाणी हवे असे सांगून आपण जेवढे पाणी मागत आहोत, त्यातले पिण्यासाठी किती आणि बाकीचे कशासाठी, हे प्रामाणिकपणे सांगितले गेले पाहिजे.

बाकीचे बरेचसे पाणी उसाला जाते. मोकाट, म्हणजे सरीत मोकळे सोडलेल्या पाण्यावरच्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. लातूरच्या रेल्वेची मोठी फेरी २५ लाख लिटरची होती. अशा आठ फेऱ्यांचे पाणी एक हेक्टर ऊस पितो. वर सांगितलेल्या २९ टीएमसीमध्ये मोकाट पाण्यावरचा ऊस जेमतेम ४१ हजार हेक्टर भिजेल, आणि मराठवाड्यातले उसाचे क्षेत्र याच्या कित्येक पट आहे. मी ऊस लावणाऱ्याला दोष देत नाही, कारण माझ्याही रानात दोन एकर ऊस आहे. तूर आणि सोयाबीन बाजारात नेले की हमीभाव मिळेल याची खात्री नसते. उसाला निदान कारखाना आहे आणि कायद्याने ठरवलेला दर आहे. ही खात्री जोवर कमी पाण्याच्या पिकांना मिळत नाही, तोवर गोदावरीत कितीही पाणी ओतले तरी ते उसाच्या सरीतच जिरेल, आणि पुढच्या दुष्काळात आम्ही पुन्हा टँकरमागे धावू.

आमच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते, आणि फार खाली गेले की पाऊस पुन्हा भरून देईल असे फारसे काही उरत नाही. घरच्या रानात साडेपाचशे फूट बोअर घेतला तेव्हा आम्हाला नुसता फुफाटा दिसला. २००९ चा भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालतो, पण हंगामात गावोगाव बोअरच्या गाड्या रात्रंदिवस चालतात. प्राधिकरणाच्या अधिनियमातील कलम १४(४) मध्ये बारमाही पिकांना ठिबक किंवा तुषार संचाची अट घालण्याची तरतूद आहे, आणि ती आमच्या शिवारात मी कधी अमलात येताना पाहिली नाही. हे दोन कायदे राबवायला सह्याद्री पोखरावा लागत नाही.

आता पलीकडच्या बाजूविषयी. आमच्याकडे सभांमध्ये ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो, आणि अनेक वर्षे मीही तो वापरला. तो सोडून द्यावा, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. नदीचे गोडे पाणी खाडीत पोहोचते म्हणून तिथे तिवरे टिकतात, मासळी वाढते आणि भरतीचे खारे पाणी काठच्या शेतांत फार आत शिरत नाही. ते पाणी कोणाच्या तरी पोटाला लागते, फक्त तो माणूस आम्हाला दिसत नाही. शिवाय ज्या शहापूर आणि मोखाड्याच्या परिसरातली धरणे मुंबईची तहान भागवतात, तिथल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. उशाशी धरण आणि घशाला कोरड म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावायला नको. त्या पाड्यांना तहानलेले ठेवून आणलेले पाणी मला माझ्या घरात नको आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, कोकणातले एक थेंबही पाणी वळवण्याआधी उगमाकडच्या तालुक्यांचा पिण्याचा हक्क आणि नदीत बारमाही सोडायचा किमान प्रवाह शासन निर्णयाने निश्चित करावा. वळवलेल्या पाण्यात पिण्याचे आणि हंगामी पिकांचे आरक्षण कायद्याने बांधावे, त्यातून नवीन उसाला परवानगी देऊ नये आणि जायकवाडीला मिळणारा वाटा टीएमसीमध्ये लिहून द्यावा. पंपांच्या विजेचे बिल कोण भरणार, तेही आधीच सांगावे, कारण कृष्णा खोऱ्यातल्या उपसा योजनांचे पंप थकीत बिलांमुळे बंद पडल्याचे शेतकऱ्यांनी पाहिले आहे. कोकणातल्या नद्यांचा कारभार आपल्या सहकारी मंत्र्यांकडे आहे, याची मला कल्पना आहे. त्यामुळे यातल्या काही गोष्टी आपण दोघांनी मिळूनच ठरवाव्या लागतील.

या योजनांचे प्रकल्प अहवाल आणि पर्यावरणीय परिणामांचे अभ्यास निविदा निघण्याआधी संपूर्ण मराठीत ग्रामपंचायतींकडे पाठवावेत. जनसुनावणी मोखाड्यात घ्यावी आणि पैठणलाही घ्यावी. मोखाड्याच्या सुनावणीला आम्हा मराठवाड्यातल्या काही शेतकऱ्यांना बोलवावे. आम्ही स्वखर्चाने येऊ, कारण ज्यांच्या नदीचे पाणी आम्ही मागत आहोत, त्यांचे म्हणणे आम्हाला समोर बसून ऐकायचे आहे.

आपला विश्वासू,
लातूर जिल्ह्यातील एक शेतकरी