विमानांचा डबा इथेच राहू दे

चि. माय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तो विमानांचा डबा देऊन टाका कुणाला. मी आता मोठा खेळ घेतला, त्याच्या नियमांचं पुस्तकच साठ पानांचं आहे." तेवढ्यात रेंज गेली. नंतर आईनं तुला फोन लावला तेव्हा मी वावरात होतो. डबा मी देणार नाही. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितो.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या झुंजीचा तो पत्त्यांचा खेळ, 'विंग्ज ऑफ वॉर', तू आणलास ती दिवाळी आठव. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली होती, ओसरीभर कापूस, बसायला जागा नव्हती. आपण गंजीच्या कडेला लादीवर पत्ते मांडले. आईचा चहा उकळेपर्यंत तुझे नियम सांगून झाले होते. चालीचे तीन पत्ते निवडून पालथे ठेवायचे. मग दोघांनी एकदम एकेक उलटायचा, पत्त्यावरच्या बाणाच्या टोकाशी विमान न्यायचं आणि समोरचा पट्टीच्या मापात आला की गोळी झाडायची. मनात आलं, एवढंच? पहिल्या डावात तू माझ्या मागे लागलीस ती माझं विमान पडेपर्यंत सुटली नाहीस.

खेळ मला खरा कळला तो पुढच्या पावसाळ्यात, डवऱ्यामागे चालताना. कपाशीची ओळ संपत आली की बैल वळवायचे असतात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचल्यावर बघू म्हटलं तर कपाशीची चार झाडं तुडवली जातात. चार पावलं आधीच मनात वळण घ्यावं लागतं, तेव्हा कासरा हलतो. तुझे ते तीन पालथे पत्ते म्हणजे हेच. फरक इतकाच की इथे धुराही हलतो. मी जिथे वळणार, तिथे तू असशील का, हे तू ठरवून ठेवलेलं असतं आणि मला ते दिसत नाही. एकदा पत्ते ठेवले की बदलता येत नाहीत. पहिला पत्ता उलटताच चूक कळते, तरी उरलेले दोन भोगावे लागतात. त्या दोन पत्त्यांत जे वाटतं, त्यासाठी मी हा खेळ खेळतो.

आणि विमानं बघ. फ्रेंचांचं स्पॅड म्हणजे शंकरपटातली, शर्यतीच्या बैलांची जोडी. खऱ्या लढाईतही ते ताशी 200 किलोमीटरच्या वर जायचं. सरळ सुटलं की हाती लागत नाही, वळायला मात्र मोठं रान लागतं. जर्मनांचं तीन पंखांचं फोकर त्याच्यापेक्षा हळू, पण डवऱ्याच्या सवयीच्या बैलांसारखं आखडत्या जागेत फिरतं. हा फरक समजावायला नियमांत वेगळं प्रकरण नाही. प्रत्येक विमानाचे पत्ते वेगळे, त्यावरचा बाण कुठे लांब तर कुठे आखूड, कुठे जास्त वाकलेला. सगळं त्या बाणात आहे. 2004 मध्ये 'विंग्ज ऑफ वॉर' काढणाऱ्या इटलीच्या त्या दोघांनी, अँजोलिनो आणि पाग्लिआ यांनी, काय काय वगळलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. तसंच त्या उलट्या वळणाचं, इमेलमनचं. इमेलमन घ्यायचा तर आधी सरळ जावं लागतं आणि नंतरही सरळच. नियम एका ओळीचा, पण तू सरळ गेलीस की माझ्या पोटात गोळा येतो. उलटणार, की नुसतं तसं भासवते आहेस?

किती लागलं तेही समोरच्याला दाखवायचं नसतं. तू इजेचा पत्ता बघून चेहरा हलू द्यायची नाहीस. पण जास्त लागलं की तुझा पदर नीट करण्याचा वेग वाढायचा, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

दर रविवारी गल्लीतली पोट्टी येतात. गेल्या आठवड्यात दोघं एका बाजूनं होते आणि आपसातच आदळले. टक्कर झाली की दोघांनाही इजा, हा नियम आपण लावतो ना! लगेच भांडण. "मी तं डावीकडे जातो म्हनलं होतं, तू काऊन आला?" मग त्यांना ब्योल्केची गोष्ट सांगितली. 1916 मध्ये या जर्मन वैमानिकानं नव्या पोरांसाठी लढाईचे नियम लिहून दिले: सूर्य पाठीशी ठेवा, मागून या, सुरू केलेला हल्ला अर्धवट सोडू नका. आणि त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला तो शत्रूच्या गोळीनं गेला नाही. झटापटीत साथीदाराच्याच विमानाची चाकं त्याच्या पंखाला घासली. पोरं गप्प झाली. मग एकानं विचारलं, "आपलं कोनी नव्हतं का तिथं?"

होता. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय. जुलै 1918 मध्ये जेमतेम दोन आठवड्यांत त्यानं 10 विमानांवर विजय मिळवला आणि 22 जुलैला तो स्वतः पडला. वय 19. माय, त्या वयात तू अमरावतीला होस्टेलवर होतीस आणि शनिवारी फोनवर रडायचीस. हे सांगितल्यावर मी त्या दिवशी पुढचा डाव मांडला नाही. पोरंही मागे लागली नाहीत.

तुझा नवा खेळ चांगलाच असेल. त्यात उंची, वेग, इंधन सगळ्याचा हिशेब असेल आणि तुला हिशेब आवडतो. पण मी तुझ्यासमोर बसेन तेव्हा मला कोष्टक बघायचं नाही, तुझ्याकडे बघायचं आहे. साठ पानं पाठ करून गल्लीतली ही पोरंही येणार नाहीत. चहा उकळेपर्यंत नियम कळतात म्हणून ती येतात, आणि आजवर एकही डाव आधीच्या डावासारखा झाला नाही म्हणून टिकतात.

पत्त्यांचे कोपरे मऊ पडलेत. डब्यात कडुनिंबाचा पाला ठेवतो, तरी पट्टीची एक कड उंदरानं कुरतडलीच. पत्ते घालायची प्लास्टिकची पाकिटं पुण्यात मिळत असतील तर घेऊन ये, पट्टी मी इथे पुठ्ठ्याची करतो. भाव बरा नाही म्हणून कापूस अजून विकला नाही, ओसरी पुन्हा भरली आहे. लादीचा तो कोपरा मात्र रिकामा ठेवला आहे. संक्रांतीला आलीस की फोकर तू घे. या वेळी मला स्पॅड हवं.

तुझे,
बाबा