आजीच्या बंदरासमोरून

शहापूर, बेळगाव
फेब्रुवारी

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री आम्ही मुंबई ते गोवा जहाजाची सफर आटोपून सुखरूप घरी पोचलो. फोनवर तू तीनदा विचारलंस, "आई, कसं झालं, खरं सांग," आणि तिन्ही वेळा मी "छान झालं" एवढंच म्हटलं. सामान उतरवणं चालू होतं, आप्पांना चहा हवा होता, आणि सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तू आणि स्वातीने एवढे पैसे घातलेत, तेव्हा सगळं नीट कळायला हवं म्हणून लिहायला बसले.

आधी तक्रारी सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. जहाजाची कंपनी नवीन आहे हे मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरच कळलं. एकची वेळ दिली होती, जहाजात पाऊल पडायला चार वाजले. आधी सामान तपासणार, मग आधार कार्ड, मग फोटो, मग गळ्यात घालायचं कार्ड, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी रांग. म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या अगदी थोड्या. रात्रभर बेळगावहून बसने आलेलो, आप्पांचे पाय सुजले होते. शेवटी गणवेशातल्या एका मुलीने कुठून तरी एक खुर्ची उचलून आणली आणि रांग सरकेल तशी ती स्वतः खुर्ची सरकवत राहिली. त्या मुलीचं मी अभिप्रायाच्या कागदावर लिहिलं आहे.

दुसरं म्हणजे केबिन. तू मला फोनवर दाखवलेली गोल खिडकीची खोली वरच्या दराची होती. आपली आतली निघाली, चारी बाजूंना भिंत. दिवा मालवला की दिवस का रात्र काही कळत नाही. स्वच्छ होती, गादी चांगली होती, पण एजंटाने तुला हे स्पष्ट सांगायला हवं होतं. आणि शेवटच्या दिवशीचं बिल! जेवण, नाष्टा, करमणुकीचे कार्यक्रम तिकिटात धरलेले. पण सरबत वेगळं, इंटरनेट वेगळं, वरच्या डेकवर घेतलेली कॉफीसुद्धा वेगळी. कार्ड दाखवायचं आणि घ्यायचं, त्यामुळे घेताना काही वाटत नाही. पुढे कोणाला पाठवशील तर हे आधी सांग.

जेवणाचं फार लिहीत नाही. भरपूर होतं, जैनांसाठी वेगळी सोय होती, गोड पदार्थच आठ-दहा. मात्र कोकणच्या किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजावर तीन दिवसांत एकदाही सोलकढी दिसली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. तेही मी मराठीतच लिहून आले.

आता जे सांगायचं आहे ते.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करतात. आधी भोंगा वाजतो, सात आखूड आणि एक लांब. जगात कुठल्याही जहाजावर धोक्याची खूण हीच. मग आपापल्या ठरलेल्या जागी जायचं, तिथे लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यानंतर १९१४ साली काही देशांनी मिळून जहाजावरच्या सुरक्षेचा करार केला, तिथून हे नियम चालत आले. आमच्या आजूबाजूची तरुण मुलं मोबाइलवर फोटो काढत होती. मी मात्र एकेक शब्द ऐकत होते. पट्टा कंबरेभोवती घेऊन पुढे कसायचा, खांद्याजवळ शिटी असते, पाण्यात पेटणारा छोटा दिवा असतो. दाखवणाऱ्या मुलाला मी म्हटलं, मला घालून बघू दे. त्याने घालून दिलं आणि पट्टा खेचला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा घाबरले, त्यांना वाटलं मला भीती वाटते आहे.

तुझ्या आजीचं तुला ठाऊक आहे का? तुझ्या कानावर पडलं असेल, पण तू लहान होतास. ती मूळची वेंगुर्ल्याची आणि तिचे वडील मुंबईत गिरणीत. वर्षातून दोनदा भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने येणं-जाणं. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. माझी आई, म्हणजे तुझी आजी, तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढच्या शिमग्याला गावी जायची वेळ आली तेव्हा घरात दोन दिवस रडारड चालली, पण दुसरा रस्ता परवडणारा नव्हता. बोट सुटल्यावर तिच्या वडिलांनी आपल्या उपरण्याचं एक टोक तिच्या कंबरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला, आणि दोघं तसेच डेकवर ट्रंकेला टेकून रात्रभर बसले. आई म्हणायची, गाठ इतकी घट्ट होती की सकाळी सुटेना. वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्याला लागत नसे, आत खोल पाण्यात उभी राहायची, आणि पडाव, म्हणजे किनाऱ्याला नेणारी होडी, आला की हलत्या बोटीतून हलत्या पडावात उडी टाकायची. गाठ न सुटल्यामुळे बापलेकींनी ती उडी एकत्रच मारली.

पट्टा कसताना मला ती गाठ आठवली.

पहिल्या रात्री वर पोहण्याच्या हौदाजवळ एक वाजेपर्यंत गाणी चालू होती. आम्ही उठून मागच्या बाजूच्या डेकवर गेलो. तिथे कोणी नव्हतं. मुंबईचे दिवे मावळून गेले होते, मोबाइलची रेंज केव्हाच संपली होती. आप्पा रोज रात्री दहाच्या बातम्या बघितल्याशिवाय झोपत नाहीत, तू जाणतोसच. त्या रात्री ते तासभर जहाजामागे उठणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बसले आणि मला त्यांच्या लहानपणीचं, वडगावातल्या मागांचं सांगत राहिले. रात्री सगळे माग थांबले की कानात कशी पोकळी वाटायची, ते. चाळीस वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तुझे पैसे कशात वसूल झाले असं कोणी विचारलं तर मी त्या तासाचं नाव घेईन.

दुसरा दिवस सगळा समुद्रावर. सकाळी वारा वाढला आणि आप्पांना बोट लागली. लिंबू, आलेपाक, आडवं पडणं, सगळं झालं. आमच्या मजल्याची केबिनं बघणारे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, गोव्याच्या सासष्टीतले. त्यांनी हिरवी सफरचंदं आणि मिठाची बिस्किटं आणून दिली. "बाबांनू, आत राहू नका, वर जाऊन लांब आभाळाच्या कडेला नजर लावून बसा," म्हणाले. खरंच तासाभरात उतार पडला. ते कोकणी बोलायचे, मी मराठी, आणि कोणालाच काही अडलं नाही. घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, स्वतः पंचवीस वर्षं परदेशी जहाजांवर. नऊ-नऊ महिने घर दिसायचं नाही, आई गेली तेव्हा ते कुठल्याशा दूरच्या समुद्रात होते. ही कंपनी निघाली तेव्हा पगार कमी असूनही इकडे आले, कारण जहाज मुरगावला लागलं की बायको धक्क्याबाहेर डबा घेऊन येते. मी बरोबर नेलेल्या कुंद्याचा, आपल्या बेळगावच्या मिठाईचा, अर्धा डबा त्यांना दिला. उरलेलं गणवेशाच्या खिशात न ठेवता त्यांनी रुमालात गुंडाळून घेतलं. बायकोसाठी, म्हणाले. नवीन कंपनीत रांगा चुकतात, बिलं गोंधळतात, ते सुधारेल. पण आपल्या किनाऱ्यावरची माणसं आपल्याच किनाऱ्यावर नोकरी करताना दिसली, हे मला फार मोठं वाटतं.

त्यांनाच मी विचारलं, वेंगुर्लं दिसेल का? ते म्हणाले, पहाटे साडेसहाला डाव्या हाताला या.

मी सहालाच गेले. जहाज दक्षिणेकडे चाललं की जमीन डाव्या हाताला राहते, हे मी चौथीच्या मुलांना नकाशावर कितीदा शिकवलं असेल. खानापूर तालुक्यातली ती शाळा, बाकांवर बसलेली तीस मुलं, त्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता, आणि मी फळ्यावर खडूने किनारा काढून बंदरं घोकून घ्यायची: देवगड, मालवण, वेंगुर्ले. तीच रेघ आता समोर होती. आधी नुसती राखाडी. मग तिच्या पुढ्यात पाण्यातून वर आलेले काळे खडक दिसले आणि त्यावर एक दिवा, लुकलुकायचा आणि थांबायचा. सासष्टीचे ते गृहस्थ हातात टॉवेलांची चळत घेऊन क्षणभर शेजारी थांबले, "ते वेंगुर्ल्याचे खडक," म्हणाले आणि कामाला गेले. पाकोळ्या घरटी करतात ते हेच खडक. आई त्यांच्याबद्दल सांगायची.

किनारा लांब होता. माड दिसले नाहीत, धक्का दिसला नाही. पण त्या रेघेमागे डोंगराची दुसरी रेघ होती, निळी, सरळ, आणि सूर्य तिच्या मागून वर आला. तो आंबोलीचा घाट. घाटापलीकडे चंदगडची बाजू, तुर्केवाडी, शिनोळी, आणि मग आपलं बेळगाव. इंग्रजांनी बेळगावच्या छावणीसाठी तो घाटरस्ता केला; रेल्वे येण्याआधी आपल्या गावचं बंदर वेंगुर्लं होतं. लग्न होऊन आई त्याच रस्त्याने वर आली आणि पुन्हा कधी बोटीत बसली नाही. पुढे रस्ते सुधारले, बोटी बंद पडल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. समुद्राकडून आपलं घर कुठल्या डोंगरामागे आहे हे बघणारी आमच्या घरातली शेवटची ती होती. आप्पा वर येईपर्यंत सूर्य चांगला हातभर चढला होता. मी त्यांना काही बोलले नाही, नुसतं बोट दाखवलं.

दोन-अडीच तासांनी आग्वादचा किल्ला आला आणि त्याच्या बाजूला मांडवीचं मुख. शाळेत मी सांगायची, आपल्या एका तालुक्यात दोन नद्या जन्मतात: मलप्रभा कणकुंबीला, म्हादई देगावला. मलप्रभा पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिळते, तिचं पाणी बंगालच्या उपसागरात. म्हादई गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला. मुलं माना डोलवायची. काल पाण्याचा रंग बदललेला दिसला, निळ्यात गढूळ हिरवा मिसळलेला, आणि मी कठड्याला धरून तो पट्टा मागे जाईपर्यंत उभी राहिले. माझ्या त्या तीस मुलांपैकी एखादा तरी तिथे हवा होता.

मुरगावला उतरायला मात्र अर्धा तास पुरला, मुंबईचा गोंधळ तिथे अजिबात नव्हता. टॅक्सीने पणजी, साखळी, केरी करत चोर्ला घाट चढलो. कणकुंबीला थांबून चहा घेतला. जांबोटीच्या रानात येईपर्यंत अंधार पडला. मला अजूनही पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते आहे, आप्पा म्हणतात दोन दिवसांत जाईल.

एक मागणं आहे. वेंगुर्ल्याला मी शेवटची गेले ते मामा वारले तेव्हा, तू सहावीत होतास. त्या गडबडीत बंदराकडे पाऊल वळलं नाही. मे महिन्यात सुट्टी लागली की स्वातीला आणि ईश्वरीला घेऊन ये. सकाळी लवकर निघालो तर आंबोलीमार्गे जेवणाच्या वेळेला तिथे पोचू. आई पडावातून जिथे उतरली तो धक्का मला ईश्वरीला दाखवायचा आहे. आगबोट म्हणजे काय हे तिला समजणार नाही, तर जहाजावरचे फोटो आप्पांच्या मोबाइलमध्ये आहेत, ते आधी दाखव.

अर्धा कुंदा संपला, त्यामुळे तुझ्या वाटचा ताजा घेऊन शनिवारच्या बसने पाठवते. ड्रायव्हरचा नंबर संध्याकाळी कळवीन. स्वातीला आशीर्वाद, ईश्वरीला गोड पापा.

तुझी,
आई