झिम्बाब्वेतल्या हरारेहून पुण्यात शिकायला आलेल्या मित्राला

प्रिय दोस्ता,

‘भाऊ, एक कटिंग’ एवढंच तुझं मराठी. तरी मराठीतच लिहितोय, कारण हे आमच्या हिंगोलीकडच्या पोरांनीही वाचावं. तुला मी वाचून दाखवीन.

गेल्या वर्षी माझे दोन विषय राहिले. मेस सुटली, आंघोळही सुटली. आईचा फोन आला की ‘जेवलो, अभ्यास चालू आहे’ म्हणायचो आणि भिंतीकडे तोंड करून पडायचो. तीन दिवस तू बघितलंस, चौथ्या दिवशी मला उठवून कॅन्टीनमागच्या बाकावर नेलंस. ‘काय झालं?’ विचारलं नाहीस. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, एवढंच विचारलंस.

डिप्रेशन म्हटलं की आमच्याकडे ‘येडा झाला का?’ ऐकावं लागतं. मी म्हणालो, डोक्यात भुंगा शिरलाय. लाकूड पोखरणारा भुंगा तुला हातवारे करून समजावताना कितीतरी दिवसांनी हसलो. मग तू शोना भाषेतला शब्द सांगितलास: कुफुंगिसिसा. अति विचार करणं. म्हणजे तुमचाही भुंगाच की!

तुमच्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेच्या म्बारे भागात १४ आज्यांना मनाने खचलेल्यांशी बोलायला शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं, हे तूच सांगितलंस. बाकाला आधी मानसिक आरोग्याचं नाव होतं. त्यावर कोणी फिरकणार नाही हे आज्यांनी ओळखलं आणि तो मैत्रीचा बाक झाला. (मी संख्याशास्त्राचा. लगेच २०१६ ची चाचणी शोधून काढली: ५७३ रुग्ण, आणि सहा महिन्यांनी आज्यांशी बोललेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्ट कमी.)

आमच्या समुपदेशन कक्षाचं दार फीच्या रांगेसमोर उघडतं. तिथे कोण जाणार? तू १४४१६ लावून फोन माझ्या हातात दिलास. टेली-मानस, मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी सरकारची २०२२ पासूनची मोफत सेवा. मी मराठी निवडली. पलीकडच्या ताईंनी आधी ‘जेवलास का?’ विचारलं आणि मला रडूच फुटलं. एक शब्द कळत नसताना तू शेजारी बसून राहिलास.

होस्टेल मिळण्याआधी खोलीसाठी किती घरांतून नकार मिळाले, बसमध्ये तुझ्या शेजारची जागा कशी रिकामी राहते, हे तू नंतर हसत हसत सांगितलंस. वर्षभर एका मजल्यावर राहून मी कधी विचारलंच नव्हतं. आभारांच्या जोडीला ही माफीही घे.

रविवारी परत येतोय. आई धपाटे आणि ठेचा बांधून देणार आहे. बाकावर ये. या वेळी तू बोल.

तुझा,
शेजारच्या खोलीतला