लोगो काढण्याआधी: घाणेवाल्या मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतची दोन्ही कोटेशनं मिळाली. एक जण पंधरा हजारांत, दोन दिवसांत, वीस डिझाइनं देतोय. दुसऱ्या स्टुडिओनं अडीच लाख आणि तीन महिने सांगितलेत. ‘एका चिन्हाचे एवढे पैसे कशाचे?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. घाण्याचा पैसा लिटर-लिटर करून जमतो, हे मी तुमच्या घरात पाहिलंय. म्हणून या धंद्यात पैसा आणि वेळ नेमका कुठं जातो, ते जरा सविस्तर लिहितो.

चांगला स्टुडिओ सुरुवातीचे काही आठवडे काहीच काढत नाही. त्यांची माणसं लातूरला येतील, तुझ्या गल्ल्याशेजारी बसतील, गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकतील. ‘करडईचं द्या’ म्हणतं की ‘अण्णांचं द्या’? दुसरं म्हणत असेल, तर नाव तुझ्याकडे आधीपासून आहे. ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’ असलं काही नव्यानं शोधायची गरज नाही. मग ते जुनी बिलं, डबे, दुकानाची पाटी, टेम्पोच्या मागचा मजकूर असं सगळं गोळा करून एका टेबलावर मांडतील. शेजारी बाजारातल्या इतर तेलांच्या बाटल्याही ठेवतील. बहुतेक सगळ्यांवर पिवळा रंग, फूल आणि थेंब. त्या गर्दीत तू कुठं उभा आहेस, हे तिथंच दिसतं. हे काम फाइलमध्ये दिसत नाही, म्हणून लोक त्याचे पैसे द्यायला कचरतात. पुढचं सगळं मात्र त्याच पायावर उभं राहतं.

त्या टेबलावर आणखी एक गोष्ट ठरते: जुन्यातलं काय ठेवायचं. अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या कंपनीनं 2009च्या जानेवारीत खोकं पूर्ण बदललं. संत्र्यात खोचलेल्या स्ट्रॉचं ओळखीचं चित्र काढून टाकलं. नवं खोकं नीटनेटकं होतं, पण कपाटासमोर उभ्या गिऱ्हाइकाला आपला नेहमीचा रस सापडेना. दोन महिन्यांच्या आत विक्री वीस टक्क्यांच्या आसपास घसरली आणि कंपनीला जुनं खोकं परत आणावं लागलं. तुमच्या डब्यावरचा तो बैल आज तुला गावठी वाटतो. पण ज्या आजीबाई वाचत नाहीत, त्या तो बैल बघूनच डबा उचलतात. बैल नव्यानं काढू दे, घालवू नकोस.

आता ती वीस डिझाइनं. वीस पर्याय समोर आले की घरातला प्रत्येक जण आपल्या आवडीच्या डिझाइनवर बोट ठेवतो आणि धंद्याला काय हवं हा प्रश्न मागं पडतो. 1986 साली स्टीव्ह जॉब्सनं नेक्स्ट या आपल्या संगणक कंपनीसाठी पॉल रँड या नामवंत अमेरिकन डिझायनरकडून चिन्ह करून घेतलं. रँडनं एकच डिझाइन दिलं, सोबत ते तसंच का, हे उलगडणारी पुस्तिका. मानधन एक लाख डॉलर. प्रत्येकानं तसं वागावं असं मी म्हणत नाही. दोन किंवा तीन दिशा, आणि प्रत्येकीमागं सांगता येईल असं कारण, इतकं पुरे. ‘हे असंच का?’ या प्रश्नावर ‘छान दिसतंय म्हणून’ एवढंच उत्तर आलं, तर तिथून उठ.

यापुढचा भाग मात्र शांतपणे वाच, कारण माझं खरं म्हणणं तिथं आहे. अक्षरं. तुझं गिऱ्हाईक मराठी वाचतं. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवं आणि ते इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, असं आपल्या राज्याचा कायदाही 2022च्या दुरुस्तीपासून सांगतो. तरी बहुतेक ठिकाणी आधी इंग्रजी नाव घडवतात, महिनाभर त्याच्या वळणांवर खपतात, आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी संगणकातला हाताशी असलेला फॉन्ट घेऊन खाली मराठी नाव चिकटवतं. मला याचा मनापासून राग येतो. आपली लिपी काही उरलेल्या जागेत कोंबायची गोष्ट नाही.

यात तांत्रिक अडचणीही खऱ्या आहेत. रोमन कॅपिटल अक्षरं दोन रेघांच्या मध्ये सरळ उभी राहतात. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. त्यामुळं एकाच मापात लावलं तर मराठी अक्षराचं अंग बारकं दिसतं. बोरूचा काप वेगळा, म्हणून जाड-बारीक रेघेची दिशाही रोमनच्या उलट पडते. हे न समजता इंग्रजी अक्षराचे तुकडे जोडून मराठी अक्षर केलं, तर ते लंगडतं. उदाहरण तुझ्याच डब्यावर आहे. भिंग घेऊन ‘शुद्ध’ बघ. ‘द्ध’मध्ये द आणि ध एकमेकांत शिरलेले, खाली त्या शु-चा उकार. खोक्यावर एका रंगात छापताना शाई पसरते आणि त्या जोडाक्षराच्या पोटातली पांढरी जागा भरून जाते. उरतो फक्त काळा गोळा. जाणकार माणूस छोट्या मापासाठी तेच अक्षर वेगळं काढतो: पोट मोकळं करतो, रेघ किंचित बारीक करतो, उकार खाली सोडतो. या एका जोडाक्षरावर अख्खी दुपार जाते, आणि ती सत्कारणी लागते.

हे ज्ञान आपल्याकडे आहे, बाहेरून आणायला नको. विंडोजमधला ‘मंगल’ हा मराठी फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी यांनी आयडीसीत, म्हणजे आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, पिढ्या शिकवल्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींनी देवनागरी आणि रोमन जोडीनं सांभाळणारे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत खुले केलेत. बिलं, माहितीपत्रक यांसाठी तेच वापर. फॉन्टच्या परवान्याचे पैसे वाचतील. नाव मात्र हातानं घडवून घे. आधी मराठी, आणि इंग्रजी त्याच्या जोडीनं.

चिन्ह तयार झालं की त्याला सगळ्यात वाईट जागी नेऊन बघायचं. रबरी शिक्का, टेम्पोची ताडपत्री, कामगाराच्या सदऱ्यावरची शिलाई, पंधरा किलोचा डबा. 1971 साली एनआयडी या अहमदाबादच्या डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलेलं स्टेट बँकेचं चिन्ह आठव. एक वर्तुळ, त्यात एक छिद्र आणि खाली उतरणारी फट. पासबुकावर असो की महामार्गावरच्या फलकावर, ते मोडत नाही. त्याआधी बँकेच्या चिन्हात वडाचं झाड होतं. त्याची पानं शिक्क्यावर कशी आली असती, विचार कर. आणि रंग कमी ठेव. पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, म्हणजे कमी केलेला प्रत्येक रंग थेट तुझा खर्च कमी करतो.

शेवटी कागदपत्रं. कॉपीराइट तुझ्या नावे केल्याचं लेखी घे, तोंडी चालत नाही. मूळ व्हेक्टर फाइल घे, म्हणजे कितीही मोठं केलं तरी चिन्ह फाटत नाही अशी; तुमचा प्रेसवाला कोरल या सॉफ्टवेअरचीच तशी फाइल मागणार. ट्रेडमार्कचा शोध, म्हणजे तसं नाव किंवा चिन्ह आधीच कुणी नोंदवलंय का ते बघणं, चिन्ह पक्कं होण्याआधी कर. त्या नोंदणीत खाद्यतेल 29व्या वर्गात येतं. आणि रंग कोणते, चिन्हाभोवती जागा किती, काय करायचं नाही, हे सांगणारी चार-आठ पानी पुस्तिका घ्यायला विसरू नकोस. उद्या तुझा मुलगा दुसऱ्या पेंटरकडून पाटी रंगवून घेईल तेव्हा ती लागेल.

माझं मत विचारशील तर पंधरा हजारांत पडू नकोस. अडीच लाखवाल्यांनाही लगेच होकार देऊ नकोस. त्यांनी केलेली मराठी कामं मागव, शिक्क्याएवढ्या मापात छापून बघ. कामं पटली आणि आकडा झेपत नसेल, तर काम कमी कर, दर पाडू नकोस: नाव, बैल, डबा, पाटी आणि बिलबुक एवढंच आता, वेबसाइट पुढच्या हंगामानंतर. प्रामाणिक स्टुडिओ यावर बोलायला तयार होतो. हवं असेल तर त्यांच्या पहिल्या बैठकीला मी येईन, फक्त अण्णांना त्या दिवशी दुकानात बसवून ठेव. गिऱ्हाइकांची नस त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नाही.

काकूंना आणि अण्णांना नमस्कार, वहिनींना सप्रेम नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तारीख कळव.

तुझा,
विन्या