आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या, आमच्या आशाताईंना

ताई, सादर नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की "माझं कामच हाय ते बाई" म्हणत तुम्ही पुढच्या घरी निघता. म्हणून लिहूनच टाकते. गावातल्या इतर बाळंतिणींनीही वाचावं, असं वाटतं.

सरकारी कागदावर तुमच्या भेटी मुख्यतः बाळासाठी असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. सहाही भेटींचे मिळून २५० रुपये. (यावर काय बोलावं!) पण बाळाचं वजन-ताप पाहून झालं की तुम्ही बाजेवर माझ्याजवळ टेकायच्या आणि हळूच विचारायच्या, "अंगावरून किती जाते? पॅड किती बदलले? रंग कसा?" माझ्या सख्ख्या आईलाही हे विचारायला लाज वाटत होती. भेटायला येणाऱ्या बायका तर डिंकाच्या लाडवांत तूप किती घातलं, यातच रमायच्या.

पहिले तीन-चार दिवस लाल, मग गुलाबी-तपकिरी, दहा-बारा दिवसांनी पिवळसर, आणि कमी होत होत चार ते सहा आठवड्यांत बंद, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पाजताना पोटात कळ येते ती गर्भपिशवी आवळल्यामुळे, तेव्हा घाबरायचं नाही, हेही.

म्हणूनच पिवळसर झालेलं पुन्हा लालभडक झालं, गाठी पडल्या, तेव्हा मनात पाल चुकचुकली. आजी म्हणाली, "साचलेलं हाय, जाऊ दे, पोट साफ होते." तो तुमच्या १४ व्या दिवसाच्या भेटीचा दिवस होता. न्हाणीत कागदात गुंडाळून ठेवलेला पॅड तुम्ही खिडकीच्या उजेडात उघडून पाहिला. नाक मुरडलं नाही, उलट वास कसा येतो तेही पाहिलं. माझ्या कपाळाला हात लावला आणि आजीकडे वळून म्हणाल्या, "आजी, साचलेलं असतं तर कमी होत गेलं असतं. हे तर वाढून राह्यलं, अंगात तापही हाय. घरी ठेवायचं नाही." आजीला अडाणी म्हणणारे पुष्कळ आहेत, तिच्याच बोलण्याचा धागा धरून तिला पटवणाऱ्या तुम्हीच.

तुरीची सवंगणी चालू होती, घरात पुरुष माणूस नाही. रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन तुम्हीच केला, गाडीतही बसल्या. यवतमाळला सोनोग्राफीत वारेचा तुकडा पिशवीत राहिलेला दिसला, जंतुसंसर्गही झालेला. पिशवी साफ केली, सलाईनमधून औषधं दिली, रक्त चढवलं. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट असतं, हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. बाळ रडलं की बाहेरच्या बाकावरून तुम्ही त्याला पाजायला आत आणायच्या.

घरी आल्यावर आजीनं तोडलेलं पाणी तुम्ही पुन्हा सुरू करायला लावलं. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या, चहासोबत नाही, हे इतक्यांदा बजावलं की आता आईच मला दटावते.

धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले आहेत. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, लिंबाएवढी गाठ पडली, ताप आला, घाण वास आला किंवा चक्कर आली, तर रात्र-दिवस न पाहता गाडी बोलवायची, हे तिला आणि जावईबापूंनाही सांगून ठेवलं आहे. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, पण ऐकलं.

रविवारी जेवायला या. आजी पाटवडीचा रस्सा करणार आहे.

तुमचीच,
गावातली एक लेक