पोट दुखायला लागलं ते नेमकं कधी?

सांगली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

थीसिससाठी तू आतड्याचा रक्तपुरवठा अचानक बंद होण्याचा विषय घेतलास, याचा फार आनंद झाला. सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) वाचला. प्रोफॉर्म्यात, म्हणजे पेशंटच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये, ‘दुखण्याचा कालावधी’ हा एकच रकाना आहे, तो आधी बदल. तिथे चार वेळा हव्यात : दुखायला लागलं ती, पेशंट पहिल्या डॉक्टरकडे पोचला ती, सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) झाली ती आणि रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाला ती. जत-आटपाडीकडचा पेशंट मिरजेला येईपर्यंत मध्ये दोन दवाखाने आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन झालेलं असू शकतं. प्रवाह पूर्ण थांबला तर साधारण ६ तासांत आतडं पूर्ण जाडीनिशी मरू शकतं. ‘एक दिवसापासून’ या शब्दांत ८ तासही बसतात आणि ३० तासही. अशा नोंदीवरून उशिराचा परिणाम मोजताच येणार नाही. नातेवाइकांना घड्याळातली वेळ आठवत नसेल तर जेवणाआधी की नंतर, म्हशीची धार काढायच्या आधी की नंतर, असं विचार.

याच प्रश्नातून कारणाचाही अंदाज येतो. एम्बोलसचा, म्हणजे बहुतेकदा हृदयातून वाहत आलेली गुठळी अडकलेला, पेशंट बहुधा क्षण सांगतो. त्याची नाडी अनियमित आहे का ते बघ. धमनीतल्या थ्रॉम्बोसिसमध्ये, म्हणजे गुठळी जागच्या जागीच झाली तर, आधी कित्येक महिने जेवल्यावर दुखणं, त्या भीतीने कमी खाणं आणि वजन उतरणं अशी हकीकत मिळते. शिरेतल्या थ्रॉम्बोसिसचं दुखणं काही दिवस हळूहळू वाढतं. हे तिघे एका गटात घालू नकोस. एम्बोलस बहुतेकदा एसएमएच्या (लहान आतड्याच्या मुख्य धमनीच्या) उगमापासून थोडा पुढे, मिडल कोलिक ही फांदी फुटल्यानंतर अडकतो, म्हणून जेजुनमचा (लहान आतड्याच्या मधल्या भागाचा) सुरुवातीचा भाग वाचतो. धमनीतला थ्रॉम्बोसिस उगमाशीच होतो आणि जवळजवळ सगळं लहान आतडं धोक्यात येतं. सरासरी काढलीस तर हा फरक पुसला जाईल.

काढलेलं आतडं किती, हे सगळे लिहितात. तू उरलेलं लिही, मेसेंटरीच्या (आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध कडेने मोजून, सेंटिमीटरमध्ये. शेवटी जेजुनोस्टॉमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं) असेल तर साधारण १०० सेंमीपेक्षा कमी आणि कोलनला (मोठ्या आतड्याला) जोडलेलं असेल तर ६० सेंमीपेक्षा कमी उरल्यास पेशंटला शिरेतून पोषण कायमचं लागण्याची शक्यता मोठी असते. कोलन किती राहिलं हेही म्हणूनच नोंदवायचं.

आधी रक्तप्रवाह सुरू करायचा, २० ते ३० मिनिटं थांबायचं, मग मेलेला भाग काढायचा. हा क्रम पाळला का, ते टिप. २४ ते ४८ तासांनी दुसऱ्यांदा पोट उघडून बघणं ठरवून केलेलं असेल तर ती गुंतागुंत नव्हे. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीच्या क्लाव्हियन-डिंडो वर्गीकरणात ते चुकून तिसऱ्या श्रेणीत (पुन्हा शस्त्रक्रियेसारखा उपाय लागलेली गुंतागुंत) जातं आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्या युनिटचेच आकडे वाईट दिसतात. हा नियम पहिला पेशंट घेण्याआधी लिहून ठेव.

रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की वाढतं ते) नॉर्मल म्हणून पेशंट वगळू नकोस. सुरुवातीला ते नॉर्मल असू शकतं.

सगळ्यात जपायचं ते पेशंट कुठून गोळा करतोस त्याला. फक्त सीटीच्या रजिस्टरमधून घेतलेस तर सीटीपर्यंत न पोचलेले सुटतात. थिएटरचं रजिस्टर, मृत्यूची नोंद आणि पोस्टमॉर्टेम अहवालही बघ. पोट उघडलं, सगळं आतडं काळं दिसलं आणि काही न करता बंद केलं, असे पेशंट छेदात, म्हणजे एकूण संख्येत, धरलेच पाहिजेत. ते वगळले की मृत्यूचं प्रमाण कागदावर उतरतं आणि पुढे कोणीतरी त्या आकड्यावर विसंबून नातेवाइकांना खोटी आशा देतो.

संख्या लहान राहील, त्याला इलाज नाही. आतड्याच्या ३० जोडण्यांत एकही गळली नाही तरी ‘गळती शून्य’ एवढंच लिहू नकोस. शून्य आलं की ३ भागिले एकूण संख्या, या ठोकताळ्याने ३ भागिले ३०, म्हणजे खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं, हेही लिही.

एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही फाइल उघडू नकोस. मास्टर चार्टचा (सगळ्या पेशंटच्या नोंदींच्या तक्त्याचा) रिकामा नमुना पाठव, रकाने तपासून देते.

तुझी,
आई